देसांकाचा सुळा

सकाळी दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी फेस पडला, तर माणूस काय करतो? नळ सोडतो. फेस वाहून जातो, बेसिन पुन्हा पांढरंशुभ्र होतं आणि आपण तोंड पुसून कॉफीचं आधण ठेवायला जातो. बल्गेरियाच्या सीमेजवळच्या पिरोत गावच्या देसांकानं आयुष्यातली कितीतरी वर्षं असाच नळ सोडला होता. तिच्या आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, मावशीच्याही यायचं. त्यावर घरचा उपाय ठरलेला होता. घरी गाळलेल्या राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, एक घोट तोंडात धरायचा, चांगला खळखळवायचा आणि थुंकायचा. थुंकायचा की गिळायचा, हे ज्याच्या त्याच्या घरावर अवलंबून.

देसांका नगरपालिकेत विवाह निबंधक होती. दर शनिवारी खांद्यावरून तिरंगी पट्टा घालून ती सभागृहात उभी राहायची, समोरच्या जोडप्याला कायदा वाचून दाखवायची आणि मग नजर वर करून सगळ्यांना विचारायची, "या विवाहाला कुणाची काही हरकत असेल तर आताच सांगावी." एवढं बोलून ती थोडं थांबायची आणि ओठ मिटून हसायची. ओठ मिटलेलं हसू पदाला शोभतं, असं तिचं मत होतं. इतक्या वर्षांत हरकत कुणीच घेतली नव्हती. एकदा एका म्हातारीला उचकी लागली होती, तेवढंच.

त्या वर्षी ईस्टर झाल्यावर तिचा वरचा डावा सुळा हलायला लागला. जिभेला जणू नवं खेळणंच मिळालं. कार्यालयात, बाजारात, चर्चमध्ये, जीभ आपली जाऊन सुळ्याला ढकलून बघायची. पिरोतची ती लाटण्यानं चपटी केलेली वाळकी सॉसेज चावायची सोडून देसांका आता चोखायला लागली, तेव्हा नवरा झिव्को म्हणाला, "अगं, ती काय गोळी आहे का खोकल्याची? जा त्रिफुनकडे."

त्रिफुन गावातला जुना दंतवैद्य आणि या घराचा कूम. आता कूम म्हणजे काय, तर लग्नात जोडप्याशेजारी उभा राहणारा आणि पुढे त्यांच्या मुलांना बाप्तिस्म्याच्या पाण्यात धरणारा माणूस. हे नातं घराण्यातून घराण्यात चालतं, म्हणून दोन्हीकडची माणसं एकमेकांना कूम म्हणतात, बाईला कूमा, आणि ते रक्ताच्या नात्याहून जास्त जपलं जातं. झिव्कोचा बाप त्रिफुनच्या लग्नात उभा होता, झिव्कोनं त्रिफुनच्या दामियानला पाण्यात धरलं होतं, आणि येत्या सप्टेंबरात त्याच दामियानच्या लग्नात झिव्कोच उभा राहणार होता. लग्न अर्थातच देसांका लावणार. अशा घरच्या बाईच्या तोंडात कूमाशिवाय दुसऱ्या कुणी हात घालावा, हे पिरोतमध्ये कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

त्रिफुनच्या दवाखान्यात खुर्चीच्या आधी कॉफी यायची. कॉफीच्या आधी चमचाभर मुरांबा आणि पाण्याचा ग्लास. कॉफीबरोबर सिगरेट, त्रिफुनच्याच पाकिटातली. मग गप्पा. मग सवड मिळाली तर दात.

"कूमा, उघड बघू तोंड," त्रिफुन म्हणाला. आरसा आत घालून त्यानं एक नजर टाकली, बोटानं सुळा हलवला. "हं. वय झालं गं याचं. हा सुळा आणि त्याच्या मागची छोटी दाढ, दोन्ही काढून टाकू. वर नकली दातांचा छानसा पूल बसवतो. दामियानच्या लग्नात अशी हसशील की नवरी मागे पडेल!"

"दुखेल का हो?"

"माझ्या हातून?" त्रिफुन हसला आणि कॉफीची बशी त्यानं तिच्यापुढे सरकवली. बशीतला चमचा किणकिणत राहिला. देसांकाचं लक्ष तिकडे गेलं. तिनं ते अलगद खिडकीबाहेर वळवलं. शुक्रवारचा दिवस ठरला.

बुधवारी नवरा-बायको झिव्कोचा सूट घ्यायला जवळच्या नीश शहरात गेले. कूम म्हणून उभं राहायचं तर सूट नवा हवा. झिव्को आरशासमोर पोट आत ओढून उभा होता, तेवढ्यात त्याला आरशात मागे बायको दिसली.

"देसा, तुझा एक गाल पिरोतला राहिलाय आणि दुसरा बल्गेरियापर्यंत पोचलाय!"

सुळ्यावर गाल सुजून टरारला होता. डोळ्यांत पाणी. दुकानदारीण म्हणाली, "अहो, वरच्याच मजल्यावर डॉक्टर कोसारा आहेत. हिरड्यांच्याच आहेत. न्या यांना."

"पण त्रिफुनला कळलं तर?" झिव्को कुजबुजला.

"दुखतंय मला! त्रिफुनला नाही!"

डॉक्टर कोसारा साठीच्या, केस आखूड कापलेले, आवाज शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. त्यांनी आधी पू काढला, देसांकाला श्वास घेऊ दिला. मग खुणा केलेली एक बारीक सळई हिरडीच्या कडेनं हलकेच फिरवली. ती आत जात राहिली. मग एक्स-रे उजेडासमोर धरून त्या म्हणाल्या, "बघा. सुळ्याला कीड नाही, भेग नाही. दात धडधाकट आहे. पण त्याला धरून ठेवणारं हाड खंगत गेलंय. याला पायोरिया म्हणतात. आणि हा पाहुणा काल आलेला नाही, बाई. दहा वर्षं तरी मुक्काम ठोकून असेल."

"दहा वर्षं? अहो, पण मी दर वर्षी दाखवते!"

"कुणाला?"

कूमाचं नाव असं परक्या घरात घ्यायचं नसतं.

"बरं, नाव राहू द्या. त्यांनी कधी अशी सळई फिरवली?"

"नाही. ते विचारतात, कसं काय चाललंय."

"कीटण काढलं? घासायचं कसं ते दाखवलं?"

"मुरांबा देतात," दारातून झिव्को म्हणाला. त्याला मदत करायची होती.

"सिगरेट?"

"कॉफीबरोबर फक्त."

"कॉफी किती?"

"सिगरेटींइतकी," पुन्हा झिव्को.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आणि तोंडाला वास येतो, हे कुणी सांगितलंय?"

देसांकाचा हात तोंडावर गेला.

"वास?"

"पू आहे. वास येणारच. यात तुमची लाज नाही, जंतूंचा कारभार आहे. पण कुणी सांगितलं असेल ना?"

देसांकानं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. झिव्को भिंतीवरचा तक्ता वाचत होता. तान्ह्या बाळाला पहिला दात आला की काय करावं, हे तो फार लक्ष देऊन वाचत होता.

डॉक्टरबाईंनी सगळं सरळ सांगितलं. मागची छोटी दाढ निकामी झाली आहे, ती काढावी लागेल. सुळ्याला मात्र अजून थोडं हाड आहे. खोल सफाई करायची, लागलं तर हिरडी उघडायची, सुळा बारीक तारेनं शेजारच्या दाताला बांधायचा, सिगरेट बंद, राकियाच्या गुळण्या बंद, घासणं शिकायचं. "वाचेल असा शब्द मी देत नाही. वाचू शकतो एवढंच म्हणते. ठरवायचं तुम्ही."

परतीच्या रस्त्यावर झिव्कोनं नेहमीप्रमाणे गाडीची काच खाली केली.

"काच वर कर."

"उकडतंय गं."

"पाऊस पडतोय, झिव्को."

त्यानं काच वर केली. वायपर इकडून तिकडे जात राहिले.

"माहीत होतं तुला," देसांका म्हणाली.

"आता प्रत्येकाच्याच तोंडाला थोडंफार…"

"म्हणून तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस! मला वाटलं खांदा दुखतो. रोज रात्री मी त्या खांद्याला मलम चोळत होते!"

"खांदाही दुखतो," झिव्को क्षीण आवाजात म्हणाला.



दुसऱ्या दिवशी कार्यालयात तिला सगळंच नव्यानं दिसायला लागलं. शेजारच्या टेबलावरची रुझीत्सा रोज दुपारी पुदिन्याच्या गोळ्या पुढे करायची. किती दिलदार मुलगी, असं देसांकाला वाटायचं. रुझीत्साच्या टेबलामागची खिडकी भर थंडीतही किलकिली असायची. आणि भिंतीवर ते फोटो! लग्न झाल्यावर जोडपी प्रेमानं पाठवायची ते. मधोमध ती, पट्टा घालून, वाकून काहीतरी समजावतेय, आणि प्रत्येक फोटोत नवरा-नवरी किंचित मागे रेललेली. एक नाही, दोन नाही, सगळी. इतकी वर्षं तिला वाटत होतं, कायद्याचा दरारा!

कुणी तोंडावर टोमणा मारला असता तर ती दोन दिवस रडली असती आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली असती. पण टोमणा मारण्याइतकंही कुणी वाईट नव्हतं. सगळे कसे सभ्य! अख्ख्या गावानं मिळून, हसतमुखानं, तिला फसवलं होतं. आणि या सगळ्यांत एकजण असा होता, ज्याचं कामच तिच्या तोंडात बघायचं होतं.

शुक्रवारी ती दवाखान्यात गेली तेव्हा पांढऱ्या फडक्याखाली चिमटा तयार होता. कॉफीही तयार होती. ती खुर्चीत बसली नाही.

"कूम, माझ्या हिरड्यांना काय झालंय, हे तुम्हाला माहीत होतं?"

त्रिफुननं हातातला रुमाल घडी केला, उलगडला, परत घडी केला. "नीशला गेली होतीस म्हणे."

"माहीत होतं की नव्हतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"बस ना जरा. हे बघ, तुझे सासरे माझ्या लग्नात उभे राहिले. झिव्कोनं माझ्या पोराला पाण्यात धरलं. त्या घरच्या बाईला मी काय म्हणू? तोंडाला वास येतो म्हणू? नीट घासत नाहीस म्हणू? सिगरेट सोड म्हणू, आणि ती माझ्याच पाकिटातून ओढत असताना? कूमाला असं बोलतात का?"

"म्हणून दहा वर्षं गप्प बसलात?"

"मला वाटलं…" त्याचा आवाज खाली गेला. "शेवटी दोन्ही काढून टाकीन. जखम भरेल, वरून नवे दात बसतील, सगळं निस्तरेल. तुला कधी कळायचंही नाही."

देसांकाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे दात वाचतो की नाही, हा प्रश्न या माणसानं स्वतःला विचारलाच नव्हता!

"तुम्ही माझा दात काढत नव्हता, कूम! तुम्ही पुरावा काढत होता! वाचेल असा दात, माझा दात, तुमची चूक झाकायला उपटून बशीत टाकणार होता! कुणा अनोळखी बाईशी असं वागला असता?"

"नाही," त्रिफुन म्हणाला. तो खरं बोलला, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. "अनोळखी बाईला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

"तर मग दामियानला दुसरा कूम शोधा. आणि निबंधकही."

ती निघाली. त्या दवाखान्यात कॉफीचा भरलेला कप तसाच टाकून ती आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडली होती.

"कूम बदलता येत नसतो, देसा," संध्याकाळी झिव्को काकुळतीनं म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक काही म्हणत नाहीत, झिव्को. एवढं तरी आता मला कळलंय."

पुढच्या खेपेला ती डॉक्टर कोसारांच्या खुर्चीत बसली ती दात-ओठ खातच. जेवढे दात जागेवर होते, तेवढे खात.

"सगळे काढा. एकावरही माझा विश्वास उरला नाही."

डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले, स्टूल पुढे ओढलं. "इथे दोन तऱ्हेचे लोक येतात. घाबरलेले म्हणतात, काही करू नका. चिडलेले म्हणतात, सगळं उपटा. वरवर उलट वाटतात, पण दोघांनाही एकच हवं असतं. या दाताकडे पुन्हा बघायला लागू नये! वाचवणं म्हणजे रोज बघणं. कंटाळवाणं काम आहे ते, त्यात शौर्य नाही. मी दात किती हलतो यावर ठरवत नाही. त्याला धरायला अजून काही शिल्लक आहे का, ते बघते. तुमच्या सुळ्याला आहे."

"आणि ज्यानं तो असा होऊ दिला, त्याला?"

"त्यांनी मोठी चूक केली. त्याला मी पांघरूण घालणार नाही. रोग रोग्यापासून लपवणं ही माया नव्हे, ती फसवणूक आहे, मग मनात कितीही प्रेम असो. पण एक सांगा. गावात एकटाच, वयस्क, सगळ्यांच्या नात्यातला डॉक्टर. त्याच्या चुका त्याला कोण दाखवतं?"

देसांकाच्या कानात बशीतला चमचा किणकिणला.

त्रिफुनचा हात! दोन हिवाळे झाले, तो हात थरथरत होता. सगळं गाव बघत होतं. माणसं गुपचूप नीशची बस धरत होती आणि बाजारात त्रिफुन भेटला की टोपी उचलून "काय म्हणता, डॉक्टर!" करत होती. आणि ती स्वतः? त्याच हातात शुक्रवारी चिमटा असणार, हे तिला दिसत होतं. तरी तिनं तोंड उघडून बसायचं कबूल केलं, पण तोंड उघडून सांगितलं नाही. का? तर कूमाला असं बोलतात का! वा देसांका! पुदिन्याची गोळी तेवढी द्यायची राहिली होती!

"सफाई सुरू करा, डॉक्टर," ती म्हणाली. "सुळा ठेवायचाय."

त्या संध्याकाळी ती त्रिफुनच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. तो कॉफी ओतायला लागला. तिनं त्याच्या हातातून भांडं घेतलं.

"कूम, तुमचा हात थरथरतो."

त्रिफुन टेबलावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "दिसतं?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली."

"आणि तू माझ्याकडे कॉफी पीत बसलीस!" तो एकदम उसळला. "कुणाला इजा झाली असती तर? कुणाचा ओठ फाटला असता तर? सांगायला काय झालं होतं तुला? परकी आहेस का?"

देसांकाला बोलावं लागलंच नाही. त्रिफुनचं वाक्य फिरून त्याच्याच कानावर पडलं असावं, कारण तो हळूहळू खाली बसला. दोघं हसले नाहीत. अजून तेवढं बरं वाटत नव्हतं.

"माफी मागितली तर चालेल?" त्यानं विचारलं.

"मागा. पण मला ती पचायला वेळ लागेल, ते आधीच सांगते. आणि त्याच्याही आधी मज्जातंतूंच्या डॉक्टरला हात दाखवून या. झिव्को नेईल गाडीनं."

त्रिफुन त्या डॉक्टरकडे जाऊन आला, गोळ्या सुरू झाल्या, आणि उन्हाळ्यात त्यानं दवाखान्याच्या दाराला कुलूप लावलं. ते त्याला फार जड गेलं. देसांकालाही काही सोपं गेलं नाही. छोटी दाढ निघाली, सुळा तारेनं बांधला गेला, सिगरेट सुटली आणि महिनाभर घरात तिच्यासमोर कुणी मोठ्यानं श्वास घेईना. रात्री आरशासमोर ती बारीक ब्रशानं एकेक फट साफ करायची, फेसाकडे वाकून बघायची. गुलाबी रंग फिका होत गेला. जुलैत झिव्कोचा खांदा अचानक बरा झाला. त्याला मात्र तिनं ऑगस्टपर्यंत भिंतीकडेच तोंड करायला लावलं.

सप्टेंबरात गल्लोगल्ली लाल मिरच्या भाजल्याचा वास सुटला होता, तेव्हा दामियानचं लग्न लागलं. कूम आणि निबंधक बदलायची भाषा देसांकानं एव्हाना मागे घेतली होती. झिव्को नव्या सुटात, पोट आत ओढून, उजवीकडे उभा. पहिल्या रांगेत त्रिफुन, थरथरता हात दुसऱ्या हातात धरून. देसांकानं पट्टा सारखा केला, कायदा वाचला, आणि नजर वर केली.

"या विवाहाला कुणाची काही हरकत असेल तर आताच सांगावी."

ती थांबली.

"आहे!" त्रिफुन उठून उभा राहिला.

नवरीनं दामियानचं मनगट पकडलं.

"लग्नाला नाही," त्रिफुन घाईघाईनं म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो बसला नाही. "कूमा, तुझ्या सुळ्याला लिपस्टिक लागलीय. फोटो काढायच्या आधी सांगितलेलं बरं."

देसांकानं रुमाल काढला, सुळा पुसला, झिव्कोला दाखवला. झिव्कोनं मान डोलावली. मग ती हसली. ओठ उघडून, तारेसकट, मागच्या रिकाम्या जागेसकट. समोरची जोडी हसू आवरत पुढे वाकली होती.

"हरकत नोंदवून घेतली," निबंधकबाई म्हणाल्या. "आणखी कुणाची?"

नागरिकहो, पिरोतमध्ये अजून सगळे एकमेकांना सगळं सांगायला लागलेत असं नाही, आणि आपल्याकडेही ते एका रात्रीत होणार नाही. पण उद्या सकाळी बेसिनमध्ये गुलाबी फेस दिसला, तर लगेच नळ सोडू नका. थांबा, बघा, दाखवा. आणि आपल्या माणसाचं काही बिघडताना दिसलं, तर मान दुसरीकडे वळवून त्याला आदर म्हणू नका. वाटेवरच्या अनोळखी माणसाला आपण जेवढं खरं सांगू, निदान तेवढं तरी आपण आपल्या माणसाचं देणं लागतो!